कोरडी ठेवायची बांधी

सकाळी शेतावर गेले, तर स्ट्रेस प्लॉटमध्ये घोट्यापर्यंत पाणी उभं होतं. पाऊस पडलेला नव्हता.

बाळांनो, आधी शब्द समजून घ्या. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. आमच्या खैरलांजीकडे आता पाऊस नेमका धान निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर पडताना, दडी मारतो. ती ओढ सोसणारं वाण आम्ही शोधत होतो. त्यासाठी एक बांधी मुद्दाम कोरडी ठेवायची. तोच स्ट्रेस प्लॉट. शेजारची भिजती ठेवायची आणि दोन्हींचं धान ताडून पाहायचं. धान संशोधन केंद्रातून मी रिटायर झाल्यावरही ऑफिसने ही ट्रायल माझ्याच शेतात ठेवली होती. त्या हंगामात वाण टिकलं, तर बियाणं गावांत जाणार होतं.

बांध फोडलेला दिसला. पलीकडची बांधी रुखमाबाईंची. त्या फावडं घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"पाणी काहून सोडलं, बाई?"

"सुकून राह्यलती ना. लय दिस पाह्यलं. तुमची पोरं परदेशात, तुमी एकट्या. मंग कोन पाहीन? म्हटलं, आपल्या मोटरचं देऊ सोडून."

मला रागावता येईना. मी एकटी आहे हे गावाला दिसत होतं. प्रयोग कुणालाच दिसला नव्हता.

ऑफिसच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, थोड्याशा पाण्याने काय होतं? रिपोर्टमध्ये नका लिहू."

"पाणी प्यालेल्या धानाने तहान सोसली, असं कसं लिहू?"

प्लॉट रद्द झाला. वाण वर्षभर मागे पडलं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण तुमच्याकडे तेव्हा रात्र होती.

पुढच्या हंगामात प्रयोगाची पाटी लावण्याआधी मी रुखमाबाईंना सगळं समजावलं.

"म्हंजे धानाले उपाशी ठेवून पाहाचं? सासूच हाय तुमी," त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या कुणाला दया येऊ नये म्हणून त्याच रोज संध्याकाळी बांधावर राखणीला बसू लागल्या. पानांच्या सुरळ्या झाल्या, पण लोंब्या भरल्या. वाण पास झालं.

कापणी झाली, राखायला काही उरलं नाही. तरी संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या, हातात चहाची किटली.

"बांधीले मनाई होती. तुमाले त नाही ना?"

शिकण्यासारखं एवढंच: प्लॉट कोरडा ठेवायचा असेल, तर शेजाऱ्यांना आधी सांगावं. कोणता, तेही नीट सांगावं.