उलट्या गाडीचे रऊफभाई

अकोल्यात बॅटरीच्या दुकानांना तोटा नाही, पण "उलट्या गाडीचे रऊफभाई कुठे बसतात?" असं विचारलं की कोणताही रिक्षावाला आमच्या शाळेसमोरच्या टिनाच्या खोलीपुढे आणून सोडायचा. मी त्या शाळेत मास्तर. मधल्या सुट्टीतला चहा तीस वर्षं त्यांच्याकडेच. माणूस बढाईखोर होता, हे आधीच सांगून टाकतो.

बढाई एकच. धामणगाव रेल्वे या गावच्या, कापसाची जिनिंग चालवणाऱ्या जानरावांनी १९७१ साली एक विलायती गाडी घेतली होती. लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची, शर्यतीच्या जातीची. तिची बॅटरी बसली तेव्हा नागपूरचे दोन मिस्त्री आले आणि हात टेकून गेले. मग रऊफभाई गेले. आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, हिच्यात प्लस जोडायचा, हे त्यांनी ओळखलं. सीटमागच्या खड्ड्यात बाजारची बॅटरी मावेना, म्हणून जुन्याच डब्यात ते स्वतः नव्या प्लेटा बसवायचे आणि वरून डांबर ओतायचे. या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही, असं ते सांगत. मी हे दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. जानरावांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत रऊफभाईंना बोलावणं आलं नाही. गाडी वापरात नसेल, असं त्यांनी धरून घेतलं.

२००५ साल आलं तोवर दुकानाची रया गेली होती. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज होऊन भिंतीशी पडून असायच्या, वर खडूनं गावांची नावं. कोणी ट्रॅक्टरच विकून टाकला होता. दोन बॅटऱ्यांच्या मालकांच्या घरून निरोप आला होता, की न्यायला आता कोणी येणार नाही. रऊफभाईंनी त्या दोन कधी दुसऱ्याला दिल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांची बायको नसीमबानो रोज म्हणायची, "अब बस करो जी, दुकान को ताला मारो."

अशात जानरावांचा मुलगा किशोर बॅटरीचा तो जुना डबा घेऊन आला. जानरावांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी शेडमध्ये झाकलेली. आता जिनिंग बंद पडली होती आणि शेडही विकलं होतं.

"चाचा, सोमवारी भंगारवाला सगळं लोखंड उचलून राहिला. गाडी पन. नागपूरचा एक शौकीन मानूस म्हनते, रविवारी चालू करून दाखवा, मी घेतो आन् जपतो. नाही झाली चालू तं कापून जाईन ते. मेकॅनिकनं इंजिन तयार केलं हाय, फक्त बॅटरी पायजे."

"कापून? काहून? रऊफ जिता हाय ना अजून!"

आठ दिवस त्यांनी जेवणाकडे पाहिलं नाही. रविवारी सकाळी पॅसेंजरनं आम्ही दोघं निघालो, बॅटरी लाकडी खोक्यात, वर नसीमबानोची जुनी चादर. मी डोळे म्हणून बरोबर होतो, पण तसं म्हणायची माझी टाप नव्हती.

शेडमध्ये गाडी पुसून ठेवली होती. नागपूरचे गृहस्थ हाताची घडी घालून उभे. रऊफभाई सीटमागे गुडघ्यांवर बसले, बॅटरी खड्ड्यात उतरवली आणि अंगठ्यानं चाचपू लागले. प्लसचं टोक जाड असतं, मायनसचं बारीक, आणि तारांच्या चिमट्यांची भोकंही तशीच असतात. त्यांचा हात थांबला.

"मास्तर, बॉडीच्या तारेले जाड पायजे, तं बारीक चिमटा हाय. कोन्या अनाड्यानं बदलवले."

"किशोरला एकदा विचारून घेऊ का?"

"त्याले काय इचारता? तो शेंबडा होता तईपासून मी हे गाडी पाहून राहिलो."

त्यांनी बारीक चिमटा पक्कडीनं फाकवून जाड टोकावर ठोकला. जाड चिमट्यात शिशाची पट्टी भरून तोही बारीक टोकावर ठोकला. मोठी ठिणगी उडाली. पाठोपाठ रबर जळाल्याचा वास आला आणि पुढून धूर. रऊफभाई हातानं चिमटा ओढत राहिले, बोटं भाजली तरी सोडेनात. पण ठोकून बसवलेला चिमटा निघतो कशाला? पाना सापडेपर्यंत तार पुढपासून मागपर्यंत जळून गेली. किशोरनं माती फेकून आग विझवली.

मग त्यानं बॉनेट उघडून आत पाहिलं.

"चाचा... कॉलेजात असताना मी अमरावतीले गाडीत गान्याचा टेप बसवला होता. तई त्या टेपवाल्यानं आतलं सामान बदलून तारा बाकी गाड्यांसारख्या करून देल्या होत्या. बाबाले सांगतलं नाही. मीच इसरून गेलो. चूक माही हाय, चाचा."

रऊफभाई म्हणाले, "चिमट्यानं सांगतलं होतं मले."

"मी चालती गाडी घ्यायला आलो होतो," नागपूरचे गृहस्थ म्हणाले आणि गेले. त्यांचा तरी काय दोष? मला मात्र त्या घडीला सगळ्यांचाच राग आला, किशोरचा, त्या टेपचा, आणि एकदा विचारून गप्प बसलेल्या माझा सर्वांत जास्त.

परतीच्या गाडीत रऊफभाई भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. बडनेरा मागं पडलं. मग म्हणाले, "मास्तर, माह्या जागी कोनी नवं पोट्टं असतं, कायीच न शिकलेलं, तं त्यानं बाकी गाड्यांसारखी सरळ तार लावली असती."

"हं."

"आन् गाडी चालू झाली असती."

मी जन्मभर पोरांना शिकवत आलो. मूर्तिजापूर येईपर्यंत रऊफभाई रडत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो.