बाराव्या हिश्श्याचं इंटरनेट

समान वाटप हा न्यायाचा पाया आहे. हे वाक्य वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर होतं. त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, 'जिन्यात चपला काढू नयेत'.

इमारतीला नुकताच रंग दिला होता. इंटरनेटच्या केबलसाठी भिंतींना भोकं पाडायची नाहीत, असं ठरलं. म्हणून मीटरच्या खोलीत एकच कनेक्शन घेतलं आणि तिथून इंटरनेट विजेच्या तारांतूनच घरोघरी नेलं. प्रत्येकाने प्लगमध्ये एक डबी खोचायची. तारा सगळ्यांच्या सामाईक, त्यामुळे पाळ्या आल्या. सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर. त्यांनी प्रत्येक क्षणाचे बारा सारखे तुकडे करून बारा फ्लॅटना वाटले. त्यातले चार फ्लॅट कायमचे बंद. त्यांच्याही पाळ्या येत आणि रिकाम्या जात.

आई पहिल्या मजल्यावर एकटी राहायची, मी तिसऱ्यावर. तिला ऐकू येत नसे. ती ओठांवरून ओळखायची. परदेशातली बहीण रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि दोन वाक्यांनंतर तिचा चेहरा गोठायचा. आई त्या उघड्या तोंडाकडे अदबीने बघत बसे.

"थांब, तिचं तोंड मिटू दे," मला म्हणायची.

मी माझी डबी काढून पाहिली. माझी पाळी रिकामी जाऊ लागली, एवढंच. मग सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, बंद घरांचा वाटा संध्याकाळी अर्धा तास आईला द्या.

"अहो, घर बंद असलं तरी सभासद आहेतच ना? उद्या म्हणाल, त्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो."

"ती तुम्ही लावलीच आहे."

"ती तात्पुरती," ते म्हणाले. "सभेत मांडा."

सभेला दोन महिने होते.

एका संध्याकाळी बहीण हसत हसत काहीतरी सांगायला लागली आणि तशीच थांबली. आईने बराच वेळ वाट पाहिली. मग त्या हसऱ्या चेहऱ्याला म्हणाली, "उरलेलं उद्या सांग," आणि चहा टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला मला बोलवायला वर आला. पिशवी दाराला तशीच लटकलेली होती.

बहीण आली. तिकीट आधीच काढलेलं होतं, फक्त तारीख अलीकडे घ्यावी लागली.

"मी येतेय हे तिला कळलं होतं ना? त्या दिवशी तेच सांगत होते."

मी हो म्हणालो.

सभेत ठराव सेक्रेटरींनीच मांडला, कागदावरून मान वर न करता: बंद घरांच्या पाळ्या उघड्या घरांना वाटून द्याव्यात. अनुमोदन कोणाचं, असं त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं, माझ्याकडे सोडून. मी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

बंद घरं आता पाच आहेत.