सुईणीच्या बांगड्या

मिरजोळ्याच्या आमच्या वाडीत माझी बायको सुईण होती. पुढे हुकूम आला, की रत्नागिरीला जाऊन शिकायचं, दाखला घ्यायचा, त्याशिवाय बाळंतपणाला हात लावायचा नाही. मी तिला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बांगड्या काढ नि कोपरापर्यंत हात धू. काचेखाली घाण राहते, बाळंतिणीला ताप येतो."

ही म्हणाली, "बांगड्या कशा काढू? घोव जिता हाय माजा. भायेरच उभा हाय, बगा."

"आणि बाळंतीण मेली, तर तुझा घोव काय करणार?"

हिने दारातून माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं, काढ गो, मी काय मरत नाही. पण मलाच भीती वाटली. दाखल्याशिवाय घरी आलो आणि तिचं काम सुटलं ते सुटलंच.

गेल्या साली ती गेली. लोक म्हणतात, सवाष्ण गेली, भाग्याची. कसलं डोंबलाचं भाग्य! डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या, आणि हीसुद्धा खोटी नव्हती. मग चुकलं कोण? मीच, असं वाटतं. पण मी 'काढ' म्हणालो असतो तर तिने काढल्या असत्या का, तेही मला ठाऊक नाही.