वाचून दाखवला, बरोबर आहे

"अंगठा तुझाच ना गं?" जव्हारच्या कोर्टात ठेकेदाराच्या वकिलानं माझ्या आईला विचारलं.

"हां."

"मग नवरा दारू पिऊन बांधकामाच्या परांचीवर चढला आणि पडून मेला, हे तूच सांगितलंस."

"असा नाय सांगला मी. त्याला ताप होता. यांच्या मानसानं चढवला."

"मराठीत बोल." वकील हसला. कारकूनही हसला. मी आठवीत होते, आईचा पदर धरून उभी. मला लाज वाटली. कुणाची? आईची! आज लिहिताना जीव तुटतो.

पोलिसांनी लिहिलेल्या जबाबाच्या शेवटी नेहमीची ओळ होती : मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. वाचला कुणीच नव्हता. हवालदार म्हणाला होता, "लाव लवकर, नुसती पद्धत असते." आयुष्यात थेंब न घेतलेला माझा बाप दारुडा ठरला. केस गेली.

मी जिद्दीनं शिकले. पुढे शहरातल्या एक मॅडम आमच्या गावी, खोडाळ्याला आल्या. कोर्टात, पोलिसांत गरिबाच्या बोलण्याचं काय होतं, त्याचा अभ्यास करत होत्या. म्हणाल्या, "कायद्याची भाषा हा आता देशभर शिकवायचा विषय होतोय." मला केवढा आनंद! चला, कुणीतरी ऐकतंय. मी त्यांची दुभाषी झाले. नागलीची कणसं झोडायचं काम थांबवून आई त्यांच्या रेकॉर्डरपुढं तासभर बोलली. रडली. त्याच वर्षी ती गेली.

मग त्यांचं राष्ट्रीय चर्चासत्र झालं. मलाही बोलावलं. पडद्यावर अक्षरं आली : नमुना सात, निरक्षर स्त्री. आणि आईचा आवाज. ती रडत होती तेव्हा कुणी बिस्कीट खात होतं. मागच्या रांगेत दोघं तिच्यासारखं बोलून बघत होते, हसत होते.

नंतर तिचं संमतीपत्र दाखवलं. इंग्रजीत. शेवटच्या ओळीचा अर्थ तोच : मला वाचून दाखवले, समजले. खाली आईचा अंगठा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनं विचारलं होतं, "काय लिवलाय यात?"

मी म्हणाले होते, "काही नाही गं, लाव. मॅडमना उशीर होतोय." तिचा अंगठा मीच धरून टेकवला होता. हवालदारानं तरी परकीला फसवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी नवा कागद पुढं केला. आईचा आवाज आता अभ्यासक्रमात जाणार होता. मुलगी म्हणून माझी सही हवी होती.

"आधी वाचून दाखवा. माझ्या आईच्या बोलीत."

"अगं, ती आम्हाला कुठं येते? नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"मग शिकवणार काय तुम्ही?"

सही केली नाही. एवढ्या मोठ्या कामात आडवी आली, असं ते सगळे म्हणाले. हो, आले. विषय हवाच आहे, पण आमचं रडणं नमुना म्हणून वाजवायला नको.

आईचा आवाज परत मागितलाय. अजून दिलेला नाही. मागत राहणार. आमच्या मोखाडा तालुक्यातलं कुणी जबाबाला निघालं की मी सोबत जाते. शेवटची ओळ आली की म्हणते, वाचा. कंटाळतात, खेकसतात. खेकसू देत. न ऐकलेल्या कागदावर अंगठा लागणार नाही. माझ्या हातानं तर नाहीच.