बॉनेटवरचे दोन तळवे

“स्प्रिंग बरी हाय रे, शॉकच गेलाय,” इंडस्ट्रियल एरियातले रत्नागिरीचे मेकॅनिक सोबत्याला म्हणाले. नेहमीसारखं त्यांनी दोन्ही तळव्यांनी माझ्या गाडीचं बॉनेट दाबून सोडलं. गाडी डुलतच राहिली. “बग, स्प्रिंग धक्का झेलते, पन तिचं नाचणं शॉकच थांबवतो.”

मग माझ्याकडे वळून ते हिंदीत म्हणाले, “मॅडम, शॉक बदलना पडेगा.”

मी गप्प असते, म्हणून त्यांना वाटतं मला मराठी येत नाही. पप्पा आखातातली नोकरी सोडून वसईला कायमचे परतल्यापासून इथे माझ्या घरात मराठी बोलणारं कोणी उरलेलं नाही. ती ऐकायला मी तक्रार नसतानाही इथे गाडी आणते.

“शाम को ले जाओ, इन्शाल्ला,” म्हणत ते वळले.

“काका,” मी म्हणाले, “माझ्याशीपण मराठीत बोला ना.”