काशीद, डाव्या हाताने

काशीदला एकदा तरी स्वतःची गाडी न घेता जा, असं मी सगळ्यांना सांगतो. मी मात्र तसा गेलो तो हौसेने नव्हे. साठ सालानंतरची गोष्ट. मुंबईत एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होतो. एका दुपारी उजवा हात मनगटापासून गेला. सहा महिने घरात काढले. भाऊ-वहिनी माझ्याशी जपूनजपून बोलायला लागले, तेव्हा म्हणालो, "चार दिवस कुठेतरी जाऊन येतो. एकटाच." छापखान्यातल्या सोबत्याचे मामा काशीदला राहायचे, नारळी-पोफळीची वाडी होती. त्याने पत्र टाकलं. हाताचं लिहू नकोस, असं मीच बजावलं.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच धरावी. ऊन चढल्यावर वर बसवत नाही. रेवसला ओहोटी होती, म्हणून छोट्या होडीतून उतरवलं. पुढे एस.टी.ने अलिबाग, मग रेवदंडा. आता खाडीवर पूल आहे. तेव्हा साळावला जायला होडीच होती, आणि तीही गुडघाभर पाण्यात उतरून गाठायची. पिशवी डाव्या हातात. होडीचा काठ धरायचा कशाने? मी तसाच उभा राहिलो. आत टोपल्या घेऊन बसलेली कोळीण ओरडली, "हात दे रं भाऊ!"

"उजवा नाहीये," मी म्हणालो. परक्या माणसाला हे प्रथमच सांगत होतो.

"मंग पिशवी टाक आन् डावा दे. पानी थांबाचं न्हाय."

तिने मला खेचून आत घेतलं. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "माज्या दादल्याची दोन बोटं दोरानं नेली. म्हैनाभर जाळ्याकडं बघून रडला."

"आणि आता?"

"आता जातो की दर्यावर. न जाऊन सांगतो कुनाला?"

साळावहून एका बैलगाडीवाल्याने घेतलं. काशीदला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मामांनी आग्रहाने पानावर बसवलं. गरम भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. मी डाव्या हाताने घास उचलला आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. परसाकडचं पाणी ज्या हाताने घ्यायचं, त्याच हाताने जेवायचं. लाज मलाही होतीच. दुसऱ्या दिवशी माझं पान ओटीवर होतं. मामी हळूच म्हणाल्या, "इथे निवांत जेवा हो. आत मुलं टक लावून बघतात." त्यांच्या आवाजात माया होती. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

किनाऱ्यावर तेव्हा चिटपाखरू नसे. चहाची टपरीदेखील नव्हती. सुरूंच्या सावलीत बसून मी सराव करायचो. पायजम्याची नाडी दातात धरून बांधायची. काडेपेटी टाचेखाली दाबून काडी ओढायची. गाठ सुटायची, काड्या वाळूत सांडायच्या. बघणारं कोणी नाही, हे बरं वाटायचं आणि तेच खायला उठायचं. दोन दिवस मी जेवण वाढणाऱ्या मामींखेरीज कोणाशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, अंघोळ करून, कपडे करून आलो, पण नाडी कधी बांधली ते आठवत नव्हतं. मी मोठ्याने हसलो. सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

दुपारी ओटीवर पान मांडलेलं दिसलं. मी ते उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. "मामी, आज मी आत बसतो."

मामांचा घास हातातच राहिला. मग ते जरा सरकले. "बसा की. अगं, भात वाढ त्यांना." मुलांनी दोन घास माझ्याकडे पाहिलं, मग पापडावरून भांडू लागली. आमटीत मीठ कमी होतं. मी मागून घेतलं.

चौथ्या दिवशी त्याच वाटेने परतलो. घरी पोचल्यावर भावाने दारातच पिशवी घ्यायला हात पुढे केला. "राहू दे," म्हणालो. त्याला ते लागलं असावं.

पुढे त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायला बसलो, निवृत्त होईपर्यंत. त्या प्रवासाने माझा एकटेपणा गेला, असं म्हणणार नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस अजूनही कधी कधी जरा लांब सरकतो. मी जेवत राहतो.