एक पॉइंट दहा

बिरवाडीच्या बौद्धवाडीतली गीता गमरे रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायला लागली ती अपघातानंच. टायपिंगच्या दोन परीक्षा देऊन ती ऑफिसात चिकटली होती. सत्याऐंशी साली मुंबईच्या हेड ऑफिसनं मशीन पाठवलं, त्याला हात लावायला कुणी धजेना, म्हणून ते तिच्या टेबलावर आलं. मशीनबरोबर बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक होतं. गीतानं ते चार महिन्यांत शब्दकोश जवळ घेऊन वाचून काढलं. ऑफिसातले लोक हसायचे. मग पगारपत्रकं वेळेवर निघायला लागली आणि हसणं थांबलं.

पण मशीनचं खरं काम होतं बॅचचा कागद छापायचं. कुठला माल किती, आम्ल किती वेळात सोडायचं, तापमान कुठवर चढू द्यायचं, हे सगळं त्या कागदावर असे. तळाशी गीताची सही आणि वर प्रोग्रॅमचा आवृत्ती क्रमांक. नवी आवृत्ती आली की मुंबईहून फ्लॉपी यायची. मशीन तिच्यावरचा क्रमांक वाचून आपल्याजवळच्या क्रमांकाशी ताडून बघे. मोठा असला तर घेई, लहान असला तर नाकारी. एक पॉइंट सात, आठ, नऊ, सगळ्या बिनबोभाट बसल्या.

एकोणनव्वदच्या मार्चात, सतरा तारखेला, शुक्रवारी, एक पॉइंट दहा आली. सोबत दोन ओळींचं पत्र होतं: नव्या पुरवठादाराचा माल सोमवारी चालू होईल, त्याआधी ही आवृत्ती लावावी. गीतानं फ्लॉपी घातली. पडद्यावर अक्षरं उमटली: आवृत्ती एक पॉइंट एक जुनी आहे, नाकारली.

तिनं पुन्हा घातली. पुन्हा तेच.

शिफ्टचे इन-चार्ज मुरारी सावंत चष्मा कपाळावर चढवून बघायला आले. "एक पॉइंट एक म्हणतंय. ती तर आपण पहिल्या वर्षी लावली होती. चुकून जुनी फ्लॉपी पाठवली त्यांनी."

"साहेब, लेबलवर दहा आहे."

"लेबल माणूस चिकटवतो. मशीन चुकत नाही."

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत गीतानं क्रमांक ताडणारा प्रोग्रॅम छापून काढला आणि डबा न उघडता वाचला. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. क्रमांक अख्खाच्या अख्खा एक आकडा म्हणून वाचला जात होता. एक पॉइंट दहातलं शेवटचं शून्य मशीन गिळत होतं, उरत होतं एक पॉइंट एक. ते एक पॉइंट नऊपेक्षा लहानच ठरणार. मग तिनं फ्लॉपीवरची मर्यादांची फाइल उघडली. जुन्या कागदावर तापमान साठ अंशांपर्यंत चालत होतं. नव्यात पंचेचाळीस होतं.

ती धावतच सावंतांकडे गेली. "साहेब, सर्व्हे नंबर बारा, हिस्सा दहा म्हटलं तर तो हिस्सा एक होतो का? टिंबाच्या अलीकडचं वेगळं वाचायचं, पलीकडचं वेगळं. मी अर्ध्या तासात दुरुस्त करते."

सावंत म्हणाले, "मुंबईच्या परवानगीशिवाय प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. सोमवारी ट्रंक कॉल लावतो. तुम्ही सोमवारचा कागद छापून सही करून ठेवा. तुमची रजा आहे ना?"

गीतानं जुन्याच आवृत्तीवरून छापला. खाली सही केली.

सोमवारी, वीस तारखेला ती आई प्रयागबाईबरोबर महाडात चवदार तळ्यावर होती. सत्याग्रह दिनाची गर्दी दाटली होती, गावोगावच्या बाया पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या. गीताचं लक्ष घड्याळाकडे. अकराला माल भरतात, बाराला आम्ल सोडतात. सावंतसाहेबांचा फोन लागला असेल का?

"गो, तुला काय होतंय?" आईनं विचारलं.

"कायनाय. मी कारखान्यात जाऊन येते."

"आज?"

गीता गर्दीतून वाट काढत निघालीसुद्धा.

साडेबाराला ती गेटवर उतरली. ऑफिसात सावंत फोनशेजारी बसले होते. "लाइनच मिळत नाही," ते म्हणाले. तिनं पुढचं ऐकलं नाही, तशीच शेडकडे गेली. दारातच तो वास आला. रोजचाच होता, पण जास्त गोडसर.

रिॲक्टरच्या बंद टाकीवर भिकूदादा होता, तिच्या वाडीतला, दोन घरं पलीकडचा. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस.

"दादा, किती झालं?"

"सत्तेचाळीस. जरा भराभर चढतंय आज. पण साठपर्यंत चालतं, कागदावर हाय."

"तो कागद चुकीचा हाय. पंचेचाळीसच्या वर जायचं नाय."

भिकूनं खिळ्याला अडकवलेल्या कागदाकडे पाहिलं. "तुझीच सही हाय गो यावर."

"म्हणूनच सांगते."

भिकूनं आम्लाचा व्हॉल्व्ह बंद केला, थंड पाण्याचा पूर्ण उघडला. तापमानाचा काटा तरीही चढत राहिला. पन्नास. त्रेपन्न. पाणी नळीतून धडधडत होतं आणि काट्याला त्याची पर्वा नव्हती. छप्पन्नला भिकू म्हणाला, "सगळ्यांना बाहेर काढ." गीतानं हाका मारून सात माणसं बाहेर काढली. मागे झाकणाच्या कडेनं शिट्टीसारखा आवाज झाला आणि तपकिरी धूर खाली उतरत पसरला. भिकू शेवटी आला, तोंडावर टॉवेल दाबून. तो मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला थांबला होता.

तासाभरात काटा उतरला. स्फोट झाला नाही. भिकू बाकावर बसून चहा प्यायला, सावंतांना म्हणाला, "मला कायनाय झालं." सगळ्यांना बरं वाटलं. संध्याकाळी घरी तो जेवायला बसला आणि त्याला श्वास घेता येईना. जीपमध्ये घालून महाडला नेईस्तोवर त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, हा धूर असाच असतो, आधी काही जाणवू देत नाही.

भिकू वाचला. दोन महिने दवाखान्यात काढून घरी आला.

मुंबईचा इंजिनीअर आला, तिसरी ओळ पाहिली आणि गीताला म्हणाला, "तुम्हीच लिहा." तिनं लिहिलं. टिंबापाशी क्रमांक तोडायचा, दोन्ही तुकडे वेगळे ताडायचे, तुकड्यात आकड्याखेरीज काही असलं तर घ्यायचंच नाही. मग तिनं मुद्दाम वाकडे क्रमांक घालून पाहिले. टिंब नसलेला. दोन टिंबांचा. शून्याच्या जागी ओ अक्षर टंकलेला. मशीननं तिन्ही नाकारले. नऊनंतर दहा मात्र आता घेतला.

चौकशीच्या कागदात प्रोग्रॅमचा उल्लेख नव्हता. कॉम्प्युटर ऑपरेटरनं जुना कागद सही करून दिला, एवढंच होतं. गीताला ताकीद मिळाली. सावंतांनी ते पत्र तिच्या हातात देताना मान वर केली नाही.

भिकूला गेटवर बसायचं काम दिलं. पावसाळ्यात गेटपासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालताना त्याला मध्ये दोनदा बसावं लागे. त्याचा खोकला ओसरेपर्यंत गीता सोबत थांबायची. समोर चिमण्यांचा धूर पावसात खाली दबून वाडीच्या दिशेनं सरकत असायचा.